झाकण पडेपर्यंत

आमच्या घरी शब्दांचा खेळ खेळायला कागद, पेन्सिल, पत्ते, सोंगट्या असलं काही लागत नाही. एक झाकण लागतं. मधल्या पातेल्याचं, स्टीलचं, मूठ निखळलेलं. ते जेवणाच्या टेबलावर कडेवर उभं धरायचं, दोन बोटांनी गरकन फिरवायचं आणि फिरवणाऱ्यानं विषय आणि अक्षर पुकारायचं. 'दवाखान्यातल्या वस्तू, स.' की सुरू. ओळीनं ज्याची पाळी येईल त्यानं एकेक शब्द टाकायचा. सुई, सलाईन, स्टूल, सिस्टर. सिस्टर ही वस्तू आहे का, यावर वाद घालायला सवड नसते, कारण तोवर झाकण कलायला लागलेलं असतं. आधी ते ऐटीत उभं फिरतं, मग वाकतं, मग टेबलाला टेकून घरघरतं, आणि शेवटी शेवटी एवढा थयथयाट करतं की माणसाला स्वतःचं नाव आठवू नये. ते आडवं पडून गप्प झालं, त्या क्षणी ज्याची पाळी असेल तो बाद. एकदा येऊन गेलेला शब्द पुन्हा घेतला तरी बाद. अपील नाही.

हे शेवटचं कलम मला कधीच मान्य नव्हतं. मी पाणीपुरवठा कार्यालयात पत्रव्यवहार विभागाचा हेडक्लार्क आहे. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला अपील असतं आणि अपिलाला वरचं अपील असतं. पण घरात माझं पद चालत नाही.

आमच्या घरातले लोक कामधंद्यामुळे बिघडलेले आहेत. बायको बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याला कुठं जायचंय, किती वाजता जायचंय आणि ती बस आज का येणार नाही, हे ती सांगून मोकळी होते. लेक औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांच्या अक्षरातला शब्द पहिल्या वळणावरून ओळखायची तिला सवय. माझं काम बरोबर उलट. आलेल्या पत्राला लगेच उत्तर दिलं, तर आमच्या कार्यालयात माणसाकडे संशयानं बघतात. साहजिकच मला पहिला सुचलेला शब्द तोंडातून काढायची लाज वाटते. जरा बरा, शोभेलसा शब्द मी शोधत राहतो. एकदा 'पक्षी, क' असं आलं होतं. कावळा, कबुतर, कोंबडी या किरकोळ मंडळींना बाजूला सारून मी करकोचा काढला, पण तो काढेपर्यंत झाकण पडून, पुसून, पातेल्यावर परत बसलं होतं.

आणि आई. आई जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. समोर भोकांची भली मोठी पाटी, दोन्ही हातांत वायरी, कानावर हेडफोन, आणि पलीकडे एकाच वेळी चिडलेली दहा माणसं, असं तिचं आयुष्य गेलं. हा खेळही तिकडचाच. दोन कॉलच्या मधल्या फटीत आई आणि तिच्या मैत्रिणी चहाच्या किटलीचं झाकण फिरवून तो खेळायच्या. आईनं झाकण फिरवलं की ते बराच वेळ कलायचं नावच घ्यायचं नाही. तिच्या मनगटात ते होतं. शब्दही तसेच. आम्ही एक शोधत असायचो आणि तिच्याकडे पुढचे तीन तयार असायचे.

गेल्या काही महिन्यांत मात्र तिनं खेळणं सोडलं होतं. निमित्त अगदी साधं. 'भाज्या, भ' असा डाव होता, आईची पाळी होती आणि आई बोलेना. झाकण पडलं. तिच्या हातात चिरायला घेतलेला भोपळा होता. आम्ही सगळे हसलो, तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती म्हणाली, मी नुसती फिरवते, तुम्ही खेळा. मी फार आग्रह केला तेव्हा सुरी खाली ठेवून म्हणाली, "शब्द येतात रे. पण झाकण पडल्यावर येतात." आणि मग उगाचच ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता. तिला भीती वाटत होती, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं आणि काय करावं ते सुचलं नाही.

तर आता मूळ प्रकरण. आमच्या खाली एक निवृत्त बँकवाले राहतात. एका रविवारी ते वर आले आणि म्हणाले, तुमच्या घरात काहीतरी पडतं. रोज पडतं. पडायच्या आधी बराच वेळ पडणार पडणार असं वाटत राहतं आणि त्याचाच त्रास जास्त होतो. मी त्यांना बसवलं, झाकण दाखवलं, फिरवून दाखवलं. ते तक्रार करायला आलेले गृहस्थ. 'फळं, प' ऐकल्याबरोबर पपई म्हणाले, पेरू म्हणाले, आणि तिसऱ्या फेरीला 'पासबुक' म्हणून बाद झाले. चहा घेऊन, चार डाव हरून उठताना त्यांनी सल्ला दिला, की टेबलाखाली काही घाला. टॉवेल घातला, तर झाकण फिरेना. चटई घातली, तर फिरलं, पण चालत चालत जाऊन आमटीत पडलं. शेवटी बँकवाल्यांनीच सुचवलं, की एक गोल लाकडी पाट करून घ्या, खालून दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, वरून गुळगुळीत. आवाजाचा प्रश्न कायमचा मिटेल.

इतकी साधी गोष्ट. सुतार आला. पण त्यानं हत्यारांची पिशवी जिन्यात ठेवल्याबरोबर सोसायटीचे सेक्रेटरी प्रकट झाले. फ्लॅटमध्ये सुतारकाम करायला पूर्वपरवानगी लागते. मी म्हटलं, काम कसलं, एक पाट आहे. ते म्हणाले, लाकूड आहे ना? करवत आहे ना? मग अर्ज करा. मी अर्ज केला. आयुष्यभर ज्या प्रकारची उत्तरं मी लोकांना पाठवली, त्याच प्रकारचं उत्तर मला आलं: आपला अर्ज विचाराधीन आहे. भाषा निर्दोष होती. एका व्यावसायिकाला दुसऱ्याबद्दल वाटावा तेवढा आदर मला वाटला, पण पाट काही झाला नाही. पुन्हा भेटायला गेलो, तर सेक्रेटरींनी तोडगा काढला: काम फ्लॅटमध्ये न करता खाली सोसायटीच्या हॉलमध्ये करा, म्हणजे परवानगीचा प्रश्नच येत नाही.

सुतार कलावंत होता. कलावंताला माप सांगून उपयोग नसतो. त्याला मी टेबलाचं माप दिलं होतं. त्यानं झाकण मागवून घेतलं, हॉलच्या फरशीवर फिरवून पाहिलं, ते किती हिंडतं याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, याला मोकळं अंगण पाहिजे. मी कार्यालयात असताना त्यानं अंगण केलं. पॉलिश असं, की वाकून पाहिलं तर आपले दात मोजता यावेत. संध्याकाळी तो पाट, मी, सुतार आणि बँकवाले असे चौघं जिना चढून माझ्या दारापर्यंत पोचलो आणि तिथं कळलं, की पाट दारातून आत जात नाही. आडवा जात नाही, उभा जात नाही, तिरका केला तर बँकवाले मध्ये अडकतात. शेजारपाजारची मंडळी दारं उघडून सल्ला देत होती. कुणी म्हणालं चौकट काढा, कुणी म्हणालं गॅलरीतून दोरीनं घ्या. सुतार एका बाजूला उभा राहून पाटाकडे प्रेमानं बघत होता. मी त्याला कापायला सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच गुन्हेगार.

पाट हॉलमध्ये परत गेला. लगेच सेक्रेटरी आले. हॉलमध्ये खाजगी सामान ठेवता येत नाही. ठेवलेलं सामान सोसायटीच्या मालकीचं होऊन जातं. मात्र, आणि या 'मात्र'वर त्यांनी बोट उचललं, ते सामान एखाद्या मंजूर सामुदायिक उपक्रमासाठी असेल, तर ठेवता येतं. मी विचारलं, असा कुठला उपक्रम आहे? ते म्हणाले, नाही, पण होऊ शकतो. अशा रीतीनं एका रविवारी दुपारी सोसायटीची 'झाकण स्पर्धा' जाहीर झाली. ही स्पर्धा मी भरवली असं काही लोक म्हणतात, ते खोटं आहे. मला फक्त माझा पाट वाचवायचा होता.

नियम सेक्रेटरींनी केले. एका घरातून किमान चार जण, नाहीतर ते घर बाद. आमच्या घरात माणसं मोजून चार, आई धरून. आई सरळ नाही म्हणाली. लेकीनं तिच्या गळ्यात हात टाकून सांगितलं, आजी, तू नुसती बस, पहिल्याच फेरीला बाद हो, पण तू आली नाहीस तर बाबांच्या पाटावर दुसरेच लोक खेळतील. आईनं तिचे हात हळूच सोडवले. मग जागा भरायला येईन म्हणाली, त्याहून काही नाही.

इथं मला एक गोष्ट अगदी स्वच्छ सांगायची आहे. ही स्पर्धा मला जिंकायची होती. पाट माझा, खेळ माझ्या घरचा, आणि साऱ्या बिल्डिंगमध्ये शब्दांचा माणूस म्हणून जो काही मान आहे तो माझा. सोसायटीच्या नोटिशीतली भाषा लोक माझ्याकडून तपासून घेतात. अशा माणसानं पहिल्या फेरीत बाद होणं बरं दिसलं नसतं. मी तयारी केली. कार्यालयात जाता-येता मी फळं, फुलं, भांडी, धातू, आजार, सगळे अक्षरांप्रमाणे लावले. न्हाणीघरात उजळणी केली. समोर कोण येणार याचा विचार मी केला नव्हता, आणि केला असता तरी काही फरक पडला नसता.

स्पर्धेला अख्खी बिल्डिंग लोटली. एवढ्या माणसांना मंजुरी आहे का, हे विचारायचं सेक्रेटरी स्वतःच विसरले. त्यांनी झाकण फिरवलं, आणि सुताराच्या पॉलिशवर ते फिरतच राहिलं. आमच्या टेबलावर ते जितका वेळ टिकायचं त्याच्या कितीतरी पट. लोकांचे शब्द संपले तरी झाकण संपेना. बँकवाले पहिल्याच फेरीत गेले. बायको गेली, कारण तिनं दोनदा दुसऱ्याच्या पाळीचा शब्द सांगून टाकला, सवय. लेक हसू आवरेना म्हणून गेली. एकेक खुर्ची रिकामी होत गेली आणि मी टिकून होतो. करकोचाही एकदा वेळेवर आला. आणि आईसुद्धा टिकून होती. पहिल्या फेरीत ती बाद व्हायला तयार होऊनच बसली होती, पण तिची पाळी आली आणि शब्द आला. पुढच्या खेपेला पुन्हा आला. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि उजवा हात कानाशी नेला. तिथं काही नव्हतं. पण हेडफोन नीट बसवताना तिचा हात तसाच जायचा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

शेवटी आम्ही दोघंच राहिलो. सेक्रेटरींनी पुकारलं, घरात हरवणाऱ्या वस्तू, च.

"चावी," आई.

"चष्मा," मी.

चप्पल, चमचा, चिमटा, चार्जर. ती शांतपणे देत होती आणि मी घामाघूम होऊन घेत होतो. झाकण वाकलं. चेकबुक, चाकू. झाकण टेकलं आणि त्याचा थयथयाट सुरू झाला. आई म्हणाली, "चाळणी." आता माझी पाळी. आणि माझ्या डोक्यात, इतक्या वर्षांच्या सेवेनंतर, एकच गोष्ट उभी राहिली. मी म्हणालो, "चौकशी अहवाल."

सेक्रेटरी म्हणाले, घरात हरवणाऱ्या. मी म्हटलं, आमच्या कार्यालयात अनेक हरवलेत, आणि मागच्या वर्षीचा तर मी घरी आणल्यावर हरवला होता, हवं तर बायकोला विचारा. मी हे सप्रमाण मांडत असताना झाकण पडलं.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. सोसायटीनं बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ ठेवलं होतं, ते आईला दिलं. आई ते दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आली. आल्याबरोबर तिनं एक्सचेंजमधल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला आणि सगळे डाव पहिल्यापासून सांगितले, शब्द न् शब्द. मग खिळा ठोकून घेतला आणि घड्याळ आपल्या पलंगासमोर लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरताना तिनं स्वतःहून झाकण मागितलं.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी जरा कामात होतो. फारसं बोलणं झालं नाही. जेवणही बेताचंच, उन्हामुळे असेल. झाकणाच्या एका कडेला मला बारीकसा पोचा असावा असं वाटलं, म्हणून ते मी भांड्यांच्या दुकानात दाखवून आणलं. वस्तूची निगा राखलेली बरी.

पण बिल्डिंगमध्ये मात्र वेगळंच सुरू झालं होतं. सकाळी खाली उतरलो तर वॉचमन उठून उभा राहिला. एरवी तो मला पाहून बसतो. बँकवाल्यांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, शिकावं तर तुमच्याकडून. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या तरण्याताठ्या मुलाला माझ्यासमोर उभं करून सांगितलं, बघ, आईसाठी असं हरता आलं पाहिजे. मला आधी कळेनाच. मग हळूहळू उलगडा झाला. 'चौकशी अहवाल' हे उत्तर इतकं भयंकर होतं, की कुणीही शहाणा माणूस ते मनापासून देईल यावर लोकांचा विश्वासच बसला नव्हता. मी मुद्दाम हरलो, असं सर्वानुमते ठरलं होतं.

मी लगेच खुलासा करायला हवा होता हे खरं. पण हरलेला मूर्ख असण्यापेक्षा हरलेला सज्जन असणं किती सुखाचं असतं, हे ज्याला अनुभव आहे तोच जाणे. मी नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. नुसतं नम्रपणे हसलो. कार्यालयात याला 'नोंद घेतली' असं म्हणतात.

मग एका संध्याकाळी घरी आलो, तर आईच्या पलंगासमोरची भिंत रिकामी. खिळा तेवढा होता. घड्याळ माझ्या टेबलावर ठेवलं होतं.

"हे तुझं आहे," आई म्हणाली. "जिन्यात सगळ्यांनी सांगितलं मला. चांगलं केलंस. पण मला सांगायला हवं होतंस, मी उगीच फोन करून बसले."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर परवडलं असतं. मी म्हटलं, अगं आई, मी खरंच हरलो. ती माझ्या गालाला हात लावून म्हणाली, हो रे, हो. लहानपणी ताप नाही असं मी सांगायचो तेव्हा ती असंच म्हणायची. त्या दिवशी झाकण कपाटात गेलं. स्वयंपाक करताना ती चमचाही नावानं मागत नसे, नुसतं बोट दाखवी. माझ्या त्या नम्र हसण्यापायी मी तिचे शब्द पुन्हा तिच्याकडून काढून घेतले होते.

मग मी खुलासे सुरू केले. पण खुलासा ही अशी वस्तू आहे, की उशिरा आली तर उलटीच वाचली जाते. मी बँकवाल्यांना सांगितलं, की मी मुद्दाम हरलो नाही, मला सुचलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, वर आणखी झाकताही? दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मुलाला पुन्हा बाहेर बोलावलं, हा विनय बघ म्हणून. सेक्रेटरींकडे गेलो, तर त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि सोसायटीतर्फे माझा सत्कार ठरवून टाकला. जितका मी नाही म्हणत गेलो, तितका मोठा होत गेलो.

सत्कार त्याच हॉलमध्ये. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. पहिल्या रांगेत आईला बसवलं होतं, भाग्यवान माता म्हणून. ती हात मांडीवर ठेवून, खाली बघत बसली होती. सेक्रेटरी माझ्यावर बरंच बोलले. निःस्वार्थ, त्याग, आजच्या पिढीपुढे आदर्श. मग माझ्या हातात पुष्पगुच्छ आणि मग माईक. मी म्हणालो, मित्रहो, मी जिंकायला बसलो होतो. टाळ्या. मी म्हणालो, मी हरावं असं मला एक क्षणही वाटलं नाही. जोरात टाळ्या. मी आवाज चढवून म्हणालो, की मी आईला हरवण्यासाठी जिवाचं रान केलं, तेव्हा तर मागच्या रांगेतलं कुणीतरी उठून उभंच राहिलं.

आणि तेवढ्यात माझी बायको उभी राहिली. चौकशीच्या खिडकीत बसून बसून तिला सवय झालीय, समोर कुणी चुकीची माहिती पसरवत असेल, तर ते तिला सहन होत नाही.

"आई," ती सरळ माझ्या आईला म्हणाली, "हे हरल्यापासून तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या रात्री जेवले नाहीत. सोडून देणारा माणूस असा फुगून बसतो का?"

टाळ्या थांबल्या. आईनं मान वर केली.

"फुगला होता?" तिनं विचारलं.

"भिंतीकडे तोंड करून," बायको म्हणाली.

मग लेक उठली. तिनं सांगितलं, की बाबांनी झाकण भांड्यांच्या दुकानात नेलं, ते वाकडं आहे असं लिहून मागितलं, आणि दुकानदारानं नाही म्हटल्यावर दुसऱ्या दुकानात नेलं. आई खुर्चीत पुढे सरकून बसली. बँकवाल्यांचा चेहरा बदलत चालला होता. आता त्यांनाही आठवलं, की स्पर्धेच्या आधी रोज सकाळी न्हाणीघराच्या झरोक्यातून त्यांना धातूंची नावं ऐकू यायची. त्यांना वाटलं होतं, मी कुठल्यातरी परीक्षेला बसतोय. सुतार कडेला उभा होता, तो म्हणाला, स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहेब मला विचारत होते, आईच्या खुर्चीकडे पाट जरासा उतरता करता येईल का. हे मी जवळजवळ विसरलो होतो.

हॉलमधली माझ्याबद्दलची भावना मी माईक हातात घेऊन जागच्या जागी उतरताना बघत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मुलाला खाली बसवलं. सेक्रेटरींनी पुढे येऊन हळूच माझ्या हातातला पुष्पगुच्छ काढून घेतला. मंजुरी रद्द करताना मीही इतक्याच हळुवारपणे कागद ओढून घेतो. पण आईकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, बाकी कशाचं मला काही वाटलंच नाही. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी चढत होतं. दर साक्षीबरोबर ती ताठ होत होती. मी किती खोटा, किती चिडका, किती आपमतलबी आहे हे जसजसं सिद्ध होत गेलं, तसतसा तिचा विजय पक्का होत गेला. मला मनात वाटलं, अजून कुणीतरी उठा. अजून काहीतरी सांगा माझ्याबद्दल.

सेक्रेटरींनी पुष्पगुच्छ तिच्या हातात दिला. तिनं तो मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. एक्सचेंजमध्ये लाईन नीट लागली आहे ना, याची खात्री करून घेताना ती बोलायची, त्याच आवाजात तिनं विचारलं, "म्हणजे त्या वेळी तुला खरंच शब्द सुचला नाही?"

"नाही सुचला."

"एकही नाही?"

"एकही नाही, आई."

"अरे, पण किती होते," ती म्हणाली. "चादर होती, चेंडू होता, चटई, चिठ्ठी."

मागून कुणीतरी म्हणालं, चटई कशी हरवेल? आई मागे न वळता म्हणाली, आमच्याकडे हरवली होती, आणि पुढे निघाली. चाक, चकती, चिकटपट्टी, चुंबक. तिचा उजवा हात कानाशी गेला होता. कुणी झाकण फिरवलं नव्हतं, कुणाची पाळी नव्हती. चेन, चौकट, चंबू, चिंधी. लोक आधी हसले, मग मोजायला लागले, मग मोजायचं सोडून नुसते ऐकत राहिले. साऱ्या बिल्डिंगसमोर पुरता उघडा पडलेला मी, आणि माझी छाती अभिमानानं इतकी भरून आली होती, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी सांगितलं, ही माझी आई. तो म्हणाला, माहीत आहे.

शेवटी, अगदी शेवटी, मलाही एक शब्द आठवला. चांगला, नेमका, नियमात बसणारा. मी माईक तोंडाजवळ नेला, आणि तेवढ्यात तो आईनं म्हणून टाकला.